पाहुणा बदलला, यजमानाचे काय?

फेब्रुवारी 2025 च्या अखेरीस कळंगुटचे आमदार मायकल लोबो यांनी एक विधान केले आणि गोव्याच्या पर्यटनावरील चर्चा पुढचे काही दिवस स्वयंपाकघरातच रेंगाळली. किनाऱ्यावरील शॅक स्थानिकांनी परप्रांतीय व्यावसायिकांना भाड्याने दिले, तेथे इडली-सांबार आणि वडापाव विकला जाऊ लागला, म्हणून परदेशी पर्यटक दुरावला, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. रशिया-युक्रेन युद्धाचा उल्लेखही त्यांनी केला होता. पण मथळा मिळाला तो इडलीला. मुंबई-पुण्यात या विधानाची थट्टा झाली. गोव्यात ती तितकीशी झाली नाही, कारण विधानामागची अस्वस्थता तेथे खरी आहे.

आकडे पाहिले तर या अस्वस्थतेचा अर्थ लागतो. राज्याच्या पर्यटन खात्याच्या नोंदींनुसार 2019 मध्ये गोव्यात सुमारे 71 लाख देशी आणि 9 लाख 37 हजार परदेशी पर्यटक आले. 2024 मध्ये देशी पर्यटकांची संख्या 99 लाख 41 हजारांवर गेली आणि परदेशी पर्यटक 4 लाख 67 हजारांवर आले. म्हणजे पाच वर्षांत परदेशी पाहुणा निम्म्यावर उतरला आणि त्याच काळात देशी पाहुणे 28 लाखांनी वाढले. 2011 च्या जनगणनेनुसार साडेचौदा लाख लोकसंख्या असलेल्या राज्याने वर्षाला एक कोटी चार लाख माणसांची सरबराई करावी, असा हा व्यवहार आहे.

परदेशी पर्यटक इडलीमुळे गेला नाही, हे सांगायला फार संशोधनाची गरज नाही. ब्रिटनची ‘थॉमस कूक’ ही प्रवासी कंपनी सप्टेंबर 2019 मध्ये कोसळली, त्यापाठोपाठ करोनाने दोन हंगाम गिळले आणि फेब्रुवारी 2022 मध्ये युद्ध सुरू झाल्यावर रशियन चार्टर विमानांचा ओघ आटला. दरम्यान थायलंड, श्रीलंका आणि व्हिएतनाम यांनी व्हिसाचे नियम सैल करून तोच ग्राहक आपल्याकडे वळवला. गंमत अशी, की ज्या चार्टर पर्यटकाची आज एवढी आठवण काढली जाते, तो 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात पहिल्यांदा उतरू लागला तेव्हा ‘जागृत गोंयकारांची फौज’ या संघटनेने त्याच्याविरुद्ध निदर्शने केली होती. पाहुण्यावर रागावण्याची गोव्याची परंपरा इडली-सांबारापेक्षा जुनी आहे.

तेव्हा खरा प्रश्न परदेशी पाहुणा का गेला हा नाही. त्याच्या जागी जो आला आहे, त्याच्यासाठी गोव्याने काय तयारी केली, हा आहे.

गाडीतले कुटुंब

नव्या पाहुण्याचा एक मोठा वर्ग स्वतःच्या मोटारीने येतो. पर्यटन खात्याचा आकडा कोण कशाने आले हे सांगत नाही. पण डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पत्रादेवीच्या नाक्यावर किंवा चोर्ला घाटात उभे राहिले, की एमएच-12, एमएच-04 आणि केए-22 या पाट्यांची रांग पुरेशी बोलकी असते. गाडीत आई-वडील, दोन मुले, बहुधा एक आजी असते. डिकीत इस्त्री केलेल्या कपड्यांशेजारी फरसाणाचा डबा आणि पाण्याचा वीस लिटरचा कॅन असतो. दोन-तीन रात्रींसाठी सदनिका आधीच भाड्याने घेतलेली असते. कार्यक्रमही ठरलेला असतो: सकाळी समुद्र, दुपारी माशांचे जेवण, एक दिवस जुने गोवे, परतताना काजू.

हा पाहुणा चार्टर पर्यटकासारखा पंधरा दिवस एका हॉटेलात राहत नाही, तो फिरतो. त्याची गाडी त्याला म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, मांद्रेच्या आडवाटेवर आणि सासष्टीतील एखाद्या गावाच्या चर्चपुढे नेते. त्यामुळे त्याचा पैसाही किनारपट्टीबाहेर झिरपू शकतो आणि त्याचा त्रासही. गोव्यातील सगळ्या वादाचे मूळ या दुहेरीपणात आहे.

त्याचा प्रवास सुखाचा असतो असेही नाही. मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण 2011 मध्ये पनवेल-इंदापूर टप्प्यापासून सुरू झाले आणि 2025 च्या गणेशोत्सवातही चाकरमान्यांना अपुऱ्या पुलांच्या बाजूने, वळणरस्त्यांवरूनच गाड्या काढाव्या लागल्या. कशेडीच्या बोगद्याने घाटाचा त्रास वाचवला, हे मान्य. पण मुंबईतील कित्येक कुटुंबे आजही पुणे-कोल्हापूर असा वळसा घालून आंबोलीने उतरतात, ही या महामार्गावरील सर्वात कठोर टीका आहे. ऑगस्ट 2025 मध्ये कोकण रेल्वेने मोटारी रेल्वेवर चढवून कोलाडहून वेर्ण्याला नेण्याची सेवा सुरू केली. मालमोटारींसाठी ती 1999 पासून चालू आहे. कल्पना चांगली होती. पण मुंबईहून निघालेल्याने आधी कोलाडपर्यंतचा, म्हणजे नेमका सर्वात रखडलेला टप्पा रस्त्यानेच पार करायचा, हे गणित प्रवाशांच्या पचनी पडले नाही.

किनाऱ्यावरचा स्टोव्ह

गोव्यात पोहोचल्यावर या कुटुंबाची पहिली गाठ नियमाशी पडते. 2019 च्या प्रारंभी विधानसभेने पर्यटनस्थळांच्या संरक्षणाचा 2001 चा कायदा दुरुस्त करून किनाऱ्यांवर उघड्यावर स्वयंपाक करणे, मद्यपान करणे आणि बाटल्या फोडणे यांवर दंड लावला: एकट्याला 2 हजार रुपये, गटाला 10 हजार. ऑक्टोबर 2022 मध्ये पर्यटन खात्याने आदेश काढून हा दंड 5 हजार ते 50 हजारांपर्यंत नेला. नोव्हेंबर 2024 मध्ये कळंगुटच्या ग्रामसभेने आणखी पुढचे पाऊल टाकले. गावात येणाऱ्या पर्यटकांच्या वाहनांवर कर आकारावा, असा ठराव तेथे संमत झाला.

या निर्णयांकडे उपद्रवाला आळा म्हणून पाहता येते. बाटल्यांच्या काचांनी मुलांचे पाय कापतात आणि रस्त्याकडेला टाकलेल्या पत्रावळींवर भटकी कुत्री जमतात. या गोष्टी कोणी समर्थनीय ठरवणार नाही. मोटार थेट वाळूत घालण्याचा नवा छंद तर अधिक घातक आहे. मोरजी, आश्वे-मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग येथे ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात. अंडी वाळूखाली असतात आणि चाकाखाली काय आले हे चालवणाऱ्याला कळतही नाही. भरतीत अडकलेली गाडी दोरखंडाने ओढून काढण्याची दृश्ये दर हंगामात समाजमाध्यमांवर हसण्यावारी नेली जातात, तेव्हा या वाळूखालच्या नुकसानीचा विचार कोणाच्या मनात येत नाही.

तरीही ‘उघड्यावर स्वयंपाक’ या एका शब्दप्रयोगात दोन वेगळी माणसे कोंबली गेली आहेत, हे नमूद करायला हवे. एक आहे दारूच्या नशेत किनाऱ्यावर धुडगूस घालणारा तरुणांचा गट. दुसरे आहे विजापूर, सोलापूर किंवा बेळगावकडून भाड्याच्या टेम्पोतून आलेले वीस-पंचवीस जणांचे कुटुंब. हॉटेलातील एका जेवणाचा हिशेब वीस जणांनी गुणला की त्यांचा सगळा प्रवासखर्च त्यात संपतो. म्हणून ते तांदूळ आणि गॅसची शेगडी बरोबर आणतात. पहिल्याला पोलिसांची गरज आहे. दुसऱ्याला गरज आहे ती वाहनतळाशेजारी चार पत्र्यांच्या छपराची, नळाची, कचरापेटीची आणि स्वच्छ शौचालयाची. पंढरपूरला किंवा जोतिबाला जाणारा माणूस यात्रेकरू ठरतो आणि त्याच्यासाठी शासन तंबू ठोकते. तोच माणूस समुद्र पाहायला गेला की उपद्रव ठरतो. फेब्रुवारी 2018 मध्ये गोव्याच्या एका मंत्र्याने देशी पर्यटकांच्या एका वर्गाला जाहीर व्यासपीठावरून अत्यंत हिणकस शब्दांत संबोधले होते. त्या शब्दांचा रोख कोणाकडे होता, हे समजायला दुभाष्या लागत नाही.

ताटात काय आहे

अन्नाचा वाद याहून गुंतागुंतीचा आहे. सप्टेंबर 2023 मध्ये नवे शॅक धोरण जाहीर करताना राज्य सरकारने शॅकमध्ये हुमण-शीत, म्हणजे माशांची कढी आणि भात, ठेवणे बंधनकारक केले. ज्या राज्यात घराघरात रोज तेच शिजते, तेथे ते हुकुमाने विकायला लावावे लागले, ही वस्तुस्थितीच पुरेशी विचार करायला लावणारी आहे.

शॅकचालकाची बाजू ऐकली तर ती चुकीची वाटत नाही. समोर बसलेल्या सहा जणांच्या कुटुंबात दोघे शाकाहारी, मुलांना नूडल्स हव्यात, आजीला चतुर्थी आहे. अशा टेबलाला तो काय वाढणार? पनीर मिळते, टिकते, आणि कोणीही तक्रार करत नाही. गोव्याच्या सारस्वत आणि कुळागरी घरांत शाकाहाराची समृद्ध परंपरा आहे. अनेक भाज्या आणि तिरफळ घालून केलेले खतखते, मुगागाठी, फणसाची भाजी, तवशाचे धोणस ही त्या परंपरेची देणगी. पण ती शॅकच्या खाद्ययादीत कधी आलीच नाही. किनाऱ्यावरील गोव्याचे जेवण म्हणजे मासळी, शागुती आणि फेणी, हे समीकरण परदेशी पर्यटकासाठी बनवले गेले होते. पुण्याचे कुटुंब आले तेव्हा त्याच्यासाठी गोव्याच्याच स्वयंपाकघरात शोध घेण्याऐवजी उत्तर भारतीय ढाब्याची यादी उचलून आणली गेली. आमदारांना खटकलेला वडापाव हा या आळसाचा परिणाम आहे, पाहुण्याच्या हट्टाचा नव्हे.

मासळीबाबतही पाहुण्याला अर्धेच सांगितले जाते. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद असते. या एकसष्ट दिवसांत पावसाळी सहलीला आलेल्यांच्या ताटात आलेला सुरमई-पापलेट बहुधा बर्फातून किंवा परराज्यातून आलेला असतो. जुलै 2018 मध्ये आयात मासळीत फॉर्मेलिन असल्याच्या संशयाने गोव्यात केवढे वादळ उठले होते, हे स्थानिक विसरलेले नाहीत. त्या दिवसांत गोव्याचे घर सुक्या मासळीकडे वळते: सुंगटांचे किस्मूर, बांगड्याचे सुके आणि पाठोपाठ सोलकढी. पावसात गोव्याला जाऊन किस्मूर न खाता परतणारे कुटुंब गोव्याचे निम्मे जेवण चुकवून येते. पण ते मागावे, हे त्याला सांगणारे कोणी भेटत नाही.

आणि मग पोदेर. पहाटे आणि संध्याकाळी सायकलवर टोपली बांधून, भोंगा वाजवत दारोदार जाणारा हा पाववाला गोव्यातील गावाची घड्याळजी आहे. कोंड्याची पोळी ऊर्फ पोई, उंडो, कांकण हे प्रकार लाकडाच्या भट्टीतच होतात. भट्टी चालवणाऱ्या कुटुंबांची पुढची पिढी या व्यवसायात उतरायला तयार नाही, आणि अनेक भट्ट्या आता बाहेरून आलेले कारागीर चालवतात. सदनिकेत उतरलेले कुटुंब सकाळी दुकानातून शहरात मिळतो तसाच पिशवीतला पाव आणते. खाली रस्त्यावरून पोदेर भोंगा वाजवत निघून जातो. फेणीला 2009 मध्ये आणि बेबिंकाला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकनाने नावाचे संरक्षण होते. भट्टीचा सरपण-खर्च त्यातून निघत नाही. तो निघायचा तर रोज सकाळी दहा जास्तीची गिऱ्हाइके लागतात, आणि ती गिऱ्हाइके वरच्या मजल्यावर झोपलेली आहेत.

लाल दगडाचे छायाचित्र

जुन्या गोव्यातील चर्च-वास्तूंना 1986 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. 21 नोव्हेंबर 2024 ते 5 जानेवारी 2025 या काळात दर दहा वर्षांनी होणारा सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांच्या दर्शनाचा सोहळा येथे पार पडला. भाविक आणि पर्यटक एकाच रांगेत उभे राहिले. एरवीही या दोघांना वेगळे करणे कठीणच असते.

मोटारीने येणाऱ्या कुटुंबाचा जुन्या गोव्यातील मुक्काम साधारण दोन तासांचा असतो. त्यात बॉम जेझूस बॅसिलिकेपुढे एक छायाचित्र नक्की निघते. मागे ती प्रसिद्ध लालसर जांभ्याची दर्शनी भिंत असते. ही भिंत मुळात लाल दिसावी म्हणून बांधलेलीच नव्हती, हे त्यांच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. 1594 मध्ये बांधकाम सुरू झालेल्या आणि 1605 मध्ये पवित्र केल्या गेलेल्या या वास्तूवर इतर चर्चप्रमाणेच चुन्याचा गिलावा होता. 1950 च्या दशकात, पोर्तुगीज राजवटीच्या अखेरच्या वर्षांत, तो काढून टाकण्यात आला. जांभा हा सच्छिद्र दगड. कोकणातील प्रत्येक गवंडी सांगेल की चिऱ्याच्या भिंतीला पावसाच्या बाजूने गिलावा हवाच. तो कवच गेल्यापासून सत्तर पावसाळे या भिंतीने अंगावर घेतले आहेत. 2020 च्या पावसाळ्याच्या तोंडावर छतातून पाणी आत येण्याची भीती बॅसिलिकेच्या रेक्टरांनी जाहीरपणे व्यक्त केल्यावर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची यंत्रणा हलली. गिलावा पुन्हा करावा, असे म्हणणारे तज्ज्ञ आहेत. पण लाल बॅसिलिका आता गोव्याची ओळख, किंवा अधिक रोखठोक सांगायचे तर गोव्याचा शिक्का, झाली आहे. ती उद्या पांढरी दिसू लागली तर किती जणांना आवडेल? छायाचित्रासाठी झिजणाऱ्या वास्तूचे याहून नेमके उदाहरण शोधून सापडणार नाही.

शेजारीच सेंट ऑगस्टिनचा भग्न मनोरा आहे. 1835 मध्ये धर्मसंघ हटवले गेल्यावर ते चर्च ओस पडले, 1842 मध्ये त्याचे छत कोसळले आणि 1931 मध्ये मनोऱ्याचा अर्धा भाग पडला. त्यातील घंटा आज पणजीच्या मेरी इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चच्या पांढऱ्या दर्शनी भागात टांगलेली आहे, आणि जिन्यांवर बसून छायाचित्रे काढणारी हजारो कुटुंबे तिच्याखालून जातात. 2021 मध्ये जुन्या गोव्याच्या संरक्षित क्षेत्रातील एका बांधकामाविरुद्ध स्थानिक नागरिक रस्त्यावर उतरले, तेव्हा वारसास्थळाला असलेला धोका पाहुण्याच्या पायांपेक्षा जमिनीच्या भावातून अधिक येतो, हे स्पष्ट झाले.

गावांतील चर्चची गोष्ट निराळी. ती स्मारके नाहीत. तेथे रोज मिस्सा होते, लग्ने लागतात, मर्तिके होतात. अर्ध्या चड्डीत, मोबाइल उंचावून आत शिरलेल्या पाहुण्याबद्दल पाद्री आणि गावकरी नाराजी दाखवतात, ती अवाजवी नाही. देवळाच्या गाभाऱ्यात हेच कुटुंब तसे वागणार नाही. तरी दार बंद करण्यानेही प्रश्न सुटत नाही, कारण अन्न आणि चर्च यांचे नाते पाहायचे असेल तर ते फेस्तातच दिसते. जुलैच्या अखेरीस तळावलीच्या सांता आना चर्चमध्ये तवशांचे फेस्त भरते. माणसे नवस बोलताना काकड्या अर्पण करतात. म्हापशाच्या मिलाग्रिस सायबिणीच्या फेस्तात हिंदू कुटुंबे तेल घेऊन जातात, कारण ती शिरगावच्या लईराई देवीची बहीण, अशी लोकश्रद्धा आहे. फेस्ताच्या फेरीत आणि देवळाच्या जत्रेत खाजे विकणारा तोच असतो. आल्याचा तिखटपणा असलेल्या गुळाच्या त्या कांड्यांना 2021 मध्ये मानांकन मिळाले. पर्यटन खात्याच्या कार्निव्हल-सनबर्नच्या गजबजाटात या दिनदर्शिकेला कधी जागा मिळाली नाही. आजीला घेऊन आलेल्या कुटुंबासाठी मात्र याहून योग्य कार्यक्रम कोणता?

नाक्याच्या अलीकडे

महाराष्ट्राने या सगळ्याकडे शेजारच्या घरचे भांडण म्हणून पाहू नये. गोव्याकडे धावणारी मोटार ज्या किनाऱ्याला समांतर पळते, तेथेही चर्च आहेत आणि स्वतःचे अन्नही आहे. वसईत पापडीपासून नंदाखालपर्यंत चारशे वर्षांची चर्च-परंपरा आहे, सामवेदी बोली आहे, सुकेळी आहेत, लग्नाच्या पंगतीतले फुगे आणि इंद्याल आहे. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर तेथील चर्चच्या घंटा देशभर गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आणि वाईजवळच्या मेणवलीत त्या आजही पाहायला मिळतात. मुंबईच्या कुटुंबाला बॉम जेझूसचा रंग ठाऊक असतो, पण लोकलने तासाभरावर असलेल्या या गावांत ते क्वचितच उतरते.

वसईपेक्षा नाजूक आहे ते कोर्लई. रेवदंड्याच्या खाडीच्या मुखाशी, पोर्तुगीज किल्ल्याच्या पायथ्याला वसलेल्या या गावात माउंट कार्मेल चर्चभोवतीची हजाराच्या आसपास माणसे पोर्तुगीज आणि मराठीच्या संकरातून जन्मलेली बोली घरात बोलतात. तिला ते ‘नौ लिंग’, म्हणजे आमची भाषा, म्हणतात. 1740 मध्ये किल्ला मराठ्यांकडे आला, पोर्तुगीज गेले, पाद्री आणि गावकरी राहिले आणि भाषाही राहिली. आज गावात वाहनतळ म्हणावे असे काही नाही. किल्ल्याकडे जाणारी वाट कोळीवाड्यातून, सुकत घातलेल्या बोंबलांच्या काठ्यांमधून जाते.

रेवस-रेडी सागरी महामार्गाचे खाडीपूल पूर्ण होऊ लागले, की मुंबईहून अलिबाग-रेवदंडामार्गे दक्षिणेकडे जाणारी मोटार या वाटेवर येईल. जानेवारी 2024 मध्ये खुल्या झालेल्या अटल सेतूने अर्धा रस्ता आधीच जवळ आणला आहे. आजवर रेवदंड्यापर्यंत येऊन परतणारी कुटुंबे शनिवारच्या एका दुपारी चर्चच्या अंगणात गाडी वळवू लागतील आणि जेवायला काय मिळेल, असे विचारतील. कोर्लईच्या ग्रामपंचायतीपुढे, रायगडच्या जिल्हा प्रशासनापुढे आणि महाराष्ट्राच्या पर्यटन खात्यापुढे तेव्हा तेच प्रश्न असतील, जे कळंगुटपुढे आहेत: गाड्या कोठे थांबतील, शौचालय कोणी बांधायचे, बोंबील विकणाऱ्या बाईला दोन टेबले मांडू द्यायची की बाहेरच्या कंत्राटदाराला गाळा द्यायचा, आणि मिस्साच्या वेळी चर्चचे दार कोणासाठी उघडे असेल. फरक इतकाच, की कळंगुटला हे प्रश्न गर्दी झाल्यावर सुचले. कोर्लईचा पूल अजून पूर्ण व्हायचा आहे.